तव्याची बाजू

— तृतीय वर्ष कला वर्गातील एक विद्यार्थिनी

आमच्या घरात तवे दोन. एक चुलीपाशी असतो. बिडाचा, जाड, आजीने कधीकाळी म्हशाच्या जत्रेतून डोक्यावर घेऊन आणलेला. दुसरा दादाच्या मोबाइलमध्ये असतो. त्याच्यावर भाकरी भाजली जात नाही. पण त्याच्यापायी मी आईची जेवढी बोलणी खाल्ली, तेवढ्या पहिल्या तव्यावरच्या भाकऱ्याही खाल्ल्या नसतील. हा लेख त्या दुसऱ्या तव्याबद्दल आहे.

वार्षिकात असला विषय पाहून आमच्या काही गुरुजनांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. पाऊस, आई, ग्रामीण जीवन, स्त्रीमुक्ती हे विषय सोडून ही मुलगी मोबाइलवरच्या गोळीबारावर लिहावयास बसली! पण वाचकहो, जरा खरे बोलू या. सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला येणाऱ्या सकाळच्या एस.टी.त मागच्या बाकावर बसून पाहा. ज्यांच्या हातात पुस्तक आहे अशांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि त्यातलीही दोन बोटे परीक्षेच्या महिन्यातलीच. बाकीच्या माना खाली, अंगठे काचेवर, आणि तोंडाने “मागे बघ, मागे बघ!” ज्या गोष्टीत आपल्या महाविद्यालयातील निम्मी मुले रोज तासभर तरी बुडालेली असतात, तिच्याविषयी आपण वार्षिकात एक अक्षर लिहू नये, हे मला सोवळेपणाचे वाटते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ठाऊक असणाऱ्यांनी हा परिच्छेद गाळावा. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या घेतात. उतरतात ते रिकाम्या हाताने. मग पडक्या घरांतून बंदुका, शिरस्त्राणे, चिलखते, औषधे शोधावयाची, आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात शेवटपर्यंत टिकावयाचे. चौघांचा एक गट असतो. गटातल्या एखाद्याला गोळ्या लागल्या तरी सोबती जिवंत असतील तर तो लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर येतो, रांगतो, आणि त्याचा जीव थेंबाथेंबाने गळत राहतो. तेवढ्या अवधीत कोणी त्याच्याजवळ जाऊन सुमारे दहा सेकंद बसला तर तो पुन्हा उभा राहतो. त्या दहा सेकंदांत वाचवणाऱ्याला गोळी झाडता येत नाही. हलला तर सारे फुकट.

२०१७ साली ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाच्या कल्पनेतून आणि एका कोरियन कंपनीच्या मेहनतीतून हा खेळ निघाला. २०१८ साली तो मोबाइलवर आला, आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटच्या पाठीवर बसून आमच्या पाड्यापर्यंत पोचला. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी त्यावर बंदी घालून मुलांना पकडले, तेव्हा आमच्याकडच्या पालकांना फार आनंद झाला होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनेच तो बंद केला. कारण मात्र मुले बिघडतात हे नव्हते, माहितीच्या सुरक्षिततेचे होते. २०२१ च्या जुलैत तो निराळे नाव घेऊन परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३ च्या मेअखेरीस पुन्हा आला. पावसाळ्यातल्या आमच्या विजेप्रमाणेच त्याचे येणे-जाणे. असो.

तर या बेटावर नाना प्रकारच्या बंदुका सापडतात, आणि कधीकधी एखाद्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर सापडतो एक दांड्याचा काळा तवा. मुले त्याला ‘पॅन’ म्हणतात. मारामारीच्या कामी तो येतो, पण बंदुकीपुढे कोण तवा घेऊन धावणार? त्याचा खरा गुण निराळाच. तो कमरेला मागे लटकवला की तेवढ्या भागातून गोळी आत जात नाही. टण्ण असा आवाज होतो आणि गोळी वाया जाते. शिरस्त्राण झिजते, चिलखत झिजते, तवा मात्र झिजत नाही. म्हटले तर हा विनोद आहे. ढुंगणाला तवा बांधून हिंडणारा योद्धा कोणत्याही बखरीत नाही. पण विनोदातूनच ही गोष्ट आली असावी. ज्या ‘बॅटल रॉयल’ नावाच्या जपानी चित्रपटावरून (सन २०००) ग्रीन यांना खेळाची कल्पना सुचली, त्यात मुलांना एकेक शस्त्र वाटले जाते, आणि नायकाच्या वाट्याला येते भांड्याचे झाकण!

मला तवा मिळाला तो चुकून. आम्ही चौघे: माझे दोन चुलतभाऊ, पलीकडच्या पाड्यावरचा एक मुलगा, आणि मी. दादा कामावरून आला की त्याचा मोबाइल नऊ ते दहा माझ्याकडे. नेटवर्क घरात नाही. अंगणाच्या कडेला जांभळीखाली उभे राहिले की येते. माझा नेम वाईट. हे मी विनयाने म्हणत नाही, खरोखरच वाईट. समोर माणूस दिसला की माझा अंगठा थरथरतो आणि गोळ्या आभाळात जातात. तेव्हा चांगली बंदूक सापडली की भावांना देऊन टाकावयाची, औषधे गोळा करावयाची, आणि सगळ्यांच्या मागून चालावयाचे, असा माझा धर्म ठरून गेला. मागून चालणाऱ्याची पाठ उघडी असते. म्हणून तवा माझ्याकडे आला, आणि माझ्याकडेच राहिला.

पहिले चार-सहा महिने मी तो नुसताच वाहिला. त्याचा उपयोग करावयाचा असतो, आपोआप होत नसतो, हे उमगावयास वेळ लागला. बाकीची सारी शस्त्रे शिकवतात की शत्रूकडे तोंड कर. तवा उलटे शिकवतो. तो पाठीला आहे. तेव्हा गोळी येते त्या दिशेला पाठ करून बसले तरच तो तुमचा. आणि झाकतो तरी केवढेसे! कमरेपासून मांडीच्या सुरुवातीपर्यंत. डोके, खांदे उघडेच. म्हणून पडलेल्या सोबत्याजवळ बसताना डोके झाडाआड, दगडाआड, निदान एखाद्या गाडीच्या चाकाआड येईल आणि उरलेला धोका पाठीवर येईल, अशी जागा शोधावी लागते. ती दोन क्षणांत शोधावी लागते. तरीही सगळ्या गोळ्या तव्यावरच येतील याची हमी नाही. दहापैकी दोन आल्या तरी कधीकधी त्या दोनच पुरतात.

त्याहून अवघड गोष्ट आहे न धावणे. सोबती पडला की ओरडतो, “ये, लवकर ये!” त्याच्या आवाजात खरीखुरी भीती असते, खेळातली म्हणून ती कमी वाटत नाही. पण ज्याने त्याला पाडले तो तिथेच नेम धरून बसलेला असतो. त्याला ठाऊक असते की कोणीतरी वाचवायला येणारच. पडलेला गडी म्हणजे त्याचे आमिष. अशा वेळी “थांब, भिंतीकडे रांगत ये” असे म्हणावयाला जी छाती लागते, ती बंदूक झाडावयाला लागत नाही. मग धुराचा गोळा टाकावयाचा. नवशिका तो पडलेल्या माणसावर टाकतो; टाकावयाचा तो त्याच्या आणि शत्रूच्या मधे, किंचित शत्रूकडे. तो फुटल्याबरोबर पळावयाचे नाही, धूर पसरावयास काही क्षण द्यावयाचे. आणि एकच टाकावयाचा नाही. एका धुरात माणूस कुठे असेल हे शत्रूला कळते. दोन टाकले तर निदान तो चुकण्याची शक्यता निम्मी. हे सारे होईपर्यंत सोबत्याचा जीव गळतच असतो, आणि तो एकदा आधी पडून उठलेला असेल तर दुसऱ्या वेळी अधिक वेगाने गळतो. म्हणजे तुम्ही थांबता तेसुद्धा त्याच्याच जिवावर.

हे कोणी मला शिकवले नाही. भावांनी तर नाहीच; त्यांना वाटे, ही घाबरते म्हणून थांबते. सुरुवातीला ते खरेही होते.

एका रात्री पोचिंकी नावाच्या गावाबाहेर तिघेही एकामागून एक पडले. मी एकटी एका शेडच्या भिंतीला. माझ्याजवळ धुराचे चार गोळे. मी तीन टाकले, धाकट्या चुलतभावाला उठवले. तो उठला, आणि मला न विचारता धुरातून बाहेर धावला, आणि पुन्हा पडला. (हा स्वभाव त्याचा घरीही तसाच आहे.) मी पाड्यावरच्या मुलाकडे गेले. शत्रूने धुरातच गोळ्या सोडल्या. टण्ण, टण्ण. दोनदा. तो उठला, त्याने त्या माणसाला टिपले, आणि मग आम्ही दोघांनी उरलेल्या दोघांना उठवले. त्या डावात आम्ही दुसरे आलो. कोंबडीचे जेवण हुकले ते हुकलेच. जिंकणाऱ्याला पडद्यावर तेच मिळते, ‘विनर विनर चिकन डिनर’. डाव संपल्यावर थोरला चुलतभाऊ म्हणाला, “माझे सात. तुझे किती?” माझा आकडा शून्य होता. वाचवल्याची नोंदही खेळ ठेवतो, नाही असे नाही. पण ती कोणी विचारत नाही.

इथे मला आपल्याकडच्याच जुन्या गोष्टी आठवतात. मराठी मर्दानी खेळांत ‘माडू’ म्हणून एक हत्यार आहे. हरणाची दोन शिंगे उलटसुलट दिशांना टोके करून जोडावयाची आणि मुठीपाशी लहानशी ढाल. म्हणजे अडवणेही त्यानेच आणि भोसकणेही त्यानेच. फरी-गदग्यातली फरी ही तशीच लहानशी चामड्याची ढाल. त्या खेळात गदगा चालवणे चार दिवसांत येते, फरी वेळेवर पुढे आणणे येत नाही, असे एका आखाड्यात जाणाऱ्या काकांनी मला सांगितले, आणि मला ते पटले. आपली जुनी चित्रे पाहा. मावळ्याच्या हातातली तलवार सगळ्यांना आठवते. पाठीवरची ढाल आठवते का? कासवासारखी ती तिथे असते म्हणून तो तलवारीसाठी पुढे बघू शकतो.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? आजी लावणीला जाई तेव्हाचे इरले अजून आमच्या माळ्यावर आहे. बांबूच्या कामट्या, त्यावर पाने, वाकल्यावर डोके आणि पाठ झाकणारे. छत्री एक हात अडवते. इरले दोन्ही हात मोकळे ठेवते, म्हणून तर रोप लावता येते. आता प्लॅस्टिकचा कागद आला आणि इरली माळ्यावर गेली. मी एकदा आजीला मोबाइलमध्ये माझ्या खेळाडूची पाठ दाखवली. तिने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, “एवढंसं इरलं! पावसात भिजशील की गं.” आजवर या तव्यावर ऐकलेले सर्वांत अचूक मत तेच.

अर्थात ढाल घेऊन खेळणाऱ्याविषयी तिटकारा हा या एका खेळापुरता नाही. माझा एक काका वीस वर्षांपूर्वी कल्याणच्या सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळे. त्या खेळाच्या २००३ साली आलेल्या १.६ या आवृत्तीत पोलिसांच्या बाजूला खरीखुरी ढाल विकत मिळे. किंमत २,२०० डॉलर, अर्थात खेळातले. ती घेतली की मोठी बंदूक घेता येत नसे. पिस्तूल किंवा सुरी एवढ्यावर भागवावयाचे. समोरून गोळी लागत नसे, बाजूने मात्र खुशाल लागे. काका म्हणतो, ढाल घेतली की कॅफेतली सगळी पोरे “भित्रा, भित्रा” करीत. स्पर्धांतून तर ती सहसा वर्ज्यच असे. त्यामागे कारणही होते. दोघे ढाली घेऊन दारात बसले की डाव रेंगाळतो, पाहणारा कंटाळतो. ते मी नाकारीत नाही. पण ‘कंटाळवाणे’ आणि ‘भित्रे’ हे दोन शब्द एकच आहेत असे आपण केव्हापासून मानू लागलो?

आता माझे खरे गाऱ्हाणे. ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. गेल्या दिवाळीत तालुक्यातल्या एका मंडळाने या खेळाची स्पर्धा घेतली. प्रवेश चौघांच्या गटाला. आम्ही नाव दिले, दीड महिना सराव केला, मी आईला दळण-पाणी सारे आधी उरकून देण्याचे कबूल करून रोजचा तास दीड तासावर नेला. स्पर्धेच्या आदल्या रात्री थोरला भाऊ म्हणाला, “तुझ्याऐवजी त्याला घेऊ या. त्याचे किल जास्त आहेत.” त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, तो हिशेब करीत होता. मुलगी म्हणून मला काढले का? मी पुष्कळ विचार केला. अनोळखी लोकांशी खेळताना मी माइक बंद ठेवते, कारण मुलीचा आवाज ऐकला की जे कानावर पडते ते इथे लिहिता येणार नाही. पण माझ्या भावांनी तसे कधी केले नाही. मला वाटते त्यांनी मला मुलगी म्हणून नव्हे, शून्य म्हणून काढले. त्याचेच अधिक लागले.

पहिल्याच फेरीत ते बाहेर पडले. मी असते तर पडले नसते, असे मी म्हणणार नाही. कदाचित मीही त्यांच्याबरोबर बाहेर पडले असते. मी त्या दिवशी घरी होते आणि आजीबरोबर पापड्या वाळत घालीत होते.

आमच्या एका प्राध्यापकांशी मी यावर वाद घातला. ते म्हणाले, “अगं, मोठ्या स्पर्धांत गुण दोन गोष्टींना असतात: गट किती काळ टिकला त्याच्या क्रमांकाला, आणि किती मारले त्याला. टिकण्याचे गुण हे तुझेच गुण नव्हेत का?” मुद्दा बिनतोड दिसतो. पण त्यात एक मेख आहे. मारल्याचा गुण कोणी मिळवला ते नावासकट कळते. टिकल्याचा गुण गटाचा, म्हणजे कोणाचाच नाही. गट निवडताना निवडणारा नावापुढचा आकडा पाहतो. मग पुढच्या वर्षी तवा उचलील कोण? सगळेच नेमबाज झाले की पहिला पडला त्याच्याकडे कोणी जात नाही, दुसरा सूड घ्यावयास धावतो, आणि चार मिनिटांत चौघेही घरी. तालुक्यातल्या स्पर्धेत हेच झाले.

शहापूरच्या मुलांना हे अधिक समजावून सांगावे लागू नये. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते. मुंबईला आज सर्वाधिक पाणी जाते ते भातसातून. तिथल्या नळाखाली हात धरणारा माणूस नळाला ओळखतो, फार तर महानगरपालिकेला ओळखतो. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. असो, मी तव्यावरून धरणावर गेले. पण जाणे फारसे लांबचे नव्हते.

दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही एक सांगणे आहे. हा खेळ म्हणजे एकाग्रता, नेतृत्व, संघभावना वगैरे शिकवणारी पाठशाळा आहे, असे जे भाषण वसतिगृहात ऐकू येते, त्यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात माझे अर्थशास्त्राचे गुण घसरले, ते याच खेळाने. डोळे दुखतात, झोप मोडते. तवा पाठीला बांधल्याने मी घरी अधिक समंजस झाले असेही आई म्हणत नाही. खेळ हा खेळ आहे. पण कबड्डीत पकड करणाऱ्याला आपण गुण देतो, क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाचे झेल फलकावर लावतो. मग इथेच वाचवणाऱ्याचे नाव का गाळावयाचे?

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद करून या प्रकाराला वेगळे स्थान दिले. तेव्हा आपल्या स्नेहसंमेलनात जिमखान्यातर्फे ही स्पर्धा होणार, अशी जी कुजबुज आहे ती खरी ठरण्यास आता अडचण नसावी. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक मारलेल्या गड्यास एक गुण असेल तर उठवलेल्या प्रत्येक सोबत्यासही एक गुण द्यावा, आणि तो उठवणाऱ्याच्या नावापुढे लिहावा. कोणी म्हणेल, मुले मुद्दाम पडतील आणि मुद्दाम उठवतील. पडोत बापडी! शत्रूसमोर मुद्दाम पडून दहा सेकंद बसून दाखवणे हे वाटते तितके सोपे नाही. आणि फारच झाले तर एका डावात तिघांपुरतीच मर्यादा घालावी.

असा अर्ज मी जिमखान्याच्या पेटीत टाकला आहे. खाली चार सह्या आहेत. तिसरी थोरल्या चुलतभावाची आहे. त्याने ती का केली ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. कालच्या डावात मात्र त्याला कुठेतरी तवा सापडला, तर तो त्याने स्वतः न घेता माझ्या पुढ्यात टाकला. माझ्याकडे आधीच एक होता.